शेतावरील श्वान-मांजरांची निगा : खर्च थोडा, पण वेळेवर

शेतकरी कुटुंबाच्या जमाखर्चात बियाणे, खते, मजुरी, जनावरांचा चारा या सर्वांची नोंद असते. वस्तीवरील श्वानाची आणि धान्याच्या कोठाराभोवती फिरणाऱ्या मांजराची नोंद मात्र क्वचितच आढळते. रात्रीची राखण, रानडुकरांची व माकडांची चाहूल, उंदरांचा बंदोबस्त ही त्यांची सेवा गृहीत धरली जाते आणि त्यांच्यावरील खर्चही गृहीतच धरला जातो. हा खर्च दिसू लागतो तो प्राणी आजारी पडल्यावर. तोवर रक्कम हाताबाहेर गेलेली असते. मग उपचार अर्धवट सुटतात किंवा प्राणी घराबाहेर सोडून दिला जातो. सोडून दिलेला, लस न टोचलेला श्वान हा पुढे साऱ्या गावाच्या आरोग्याचा प्रश्न बनतो.

पाळीव प्राण्यांची निगा परवडण्याजोगी ठेवण्याचे सूत्र साधे आहे. वर्षभरात ठरलेल्या वेळी करावयाचे चार-पाच लहान खर्च टाळले नाहीत, तर अवेळी येणारे बहुतेक मोठे खर्च टळतात. हे खर्च कोणते, ते कमी कसे करता येतात आणि कोठे काटकसर मुळीच करू नये, याचा विचार या लेखात केला आहे.

लसीकरण : सर्वांत स्वस्त विमा

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस असो वा प्राणी, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात आणि माणसांना होणारा संसर्ग प्रामुख्याने श्वानदंशातून होतो. म्हणूनच २०३० पर्यंत श्वानांपासून होणाऱ्या रेबीजचे निर्मूलन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. परिसरातील किमान ७० टक्के श्वानांना नियमित लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हा त्यामागील आधार आहे.

पिलाला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची पहिली लस द्यावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तीन ते चार आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी आणि पुढे दरवर्षी एकदा लस टोचावी. याशिवाय पार्व्हो, डिस्टेंपर, सांसर्गिक कावीळ व लेप्टोस्पायरोसिस या रोगांविरुद्धची संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. पार्व्हो झालेल्या पिलाला अनेक दिवस सलाईन, प्रतिजैविके व देखरेख लागते. एवढे करूनही ते वाचेलच असे नाही. एका आजारपणाच्या खर्चात कित्येक वर्षांच्या लसी बसतात.

लसीचा खर्च आणखी कमी करण्याचा मार्ग म्हणजे एकत्र येणे. रेबीजची लस एकेका मात्रेप्रमाणेच दहा मात्रांच्या कुपीतही मिळते. अशी कुपी एकदा उघडली की ती त्याच सत्रात संपवावी लागते. त्यामुळे एकट्या मालकाला तिचा उपयोग नसतो. वस्तीवरील दहा श्वान एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आणले तर प्रत्येकी खर्च कमी होतो आणि पशुवैद्यकाची फेरीही विभागली जाते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. दुचाकीच्या डिकीत उन्हातून आणलेली लस स्वस्त पडली तरी ती टोचूनही संरक्षण मिळेल याची खात्री नसते. ६ जुलैचा प्राणिजन्य रोग दिन आणि २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन यानिमित्ताने अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची आगाऊ चौकशी करावी.

जंत आणि गोचीड : वजन मोजा, मगच औषध द्या

पिलांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. प्रौढ श्वानासाठीच्या अनेक गोळ्यांची मात्रा दर दहा किलो वजनामागे एक गोळी अशी असते. अंदाजाने दिलेली कमी मात्रा म्हणजे पैसे खर्चूनही पोटात जंत राहणे होय. श्वानाला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि एकूण वजनातून आपले वजन वजा करावे. यास काहीही खर्च येत नाही.

हा खर्च केवळ श्वानासाठी नसतो. कापलेल्या शेळी-मेंढीचे कच्चे यकृत, फुप्फुस किंवा मेंदू श्वानाने खाल्ल्यास त्यांतील फीतकृमी त्याच्या आतड्यात वाढतात आणि विष्ठेतून चाऱ्यावर पसरतात. त्यातून जनावरांच्या व माणसांच्या यकृतात पाण्याच्या गाठी होऊ शकतात. काही कृमींमुळे मेंदूत गाठ होऊन मेंढी एकाच दिशेने गोल फिरू लागते. गाई-म्हशींच्या गर्भपातास कारणीभूत ठरणारा निओस्पोरा हा परजीवीही श्वानामार्फत गोठ्यात पोहोचतो. म्हणून कच्चे अवयव, पडलेला जार व मृत गर्भ श्वानाला खाऊ न देता खोल पुरावेत. या बिनखर्चाच्या सवयीमुळे गोठ्यातील मोठे नुकसान टळू शकते.

श्वानावरील तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याचा बराचसा काळ श्वानाच्या अंगावर नसते, तर भिंतीच्या भेगांत व जमिनीच्या फटींत असते. मादी तेथे हजारो अंडी घालते. केवळ अंगावर औषध लावून गोचिडी परत परत येतात आणि औषधाचा खर्चही परत परत होतो. भेगा लिंपणे, चुना मारणे, अंथरूण उन्हात टाकणे आणि अंगावरील औषध या गोष्टी एकाच आठवड्यात केल्या तर औषध कमी लागते. गोचिडींमुळे होणारे एर्लिकिओसिस व बबेसिओसिस हे रोग रक्ताची तपासणी व दीर्घ उपचार मागतात.

घरचे अन्न, पण हिशेबाने

बाजारातील तयार खाद्य सोयीचे असले तरी ते सर्वांना परवडत नाही. घरचे अन्न पुरेसे होऊ शकते. मात्र उरलेली भाकरी आणि पातळ आमटी म्हणजे पूर्ण आहार नव्हे. प्रौढ श्वानाच्या ऊर्जेचा अंदाज काढण्यासाठी किलोमधील वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवावेत. २० किलोच्या श्वानासाठी हा आकडा ६७० येतो. सामान्य हालचालीच्या श्वानासाठी त्याची सुमारे १.६ पट, म्हणजे दिवसाला १,०५० ते १,१०० किलोकॅलरी लागतात.

सुमारे १५० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीच्या पिठाची भाकरी, ७५ ग्रॅम डाळ चांगली शिजवून, तीन उकडलेली अंडी किंवा त्याऐवजी कोंबडीचे हाडे काढून शिजवलेले मांस आणि दोन लहान चमचे तेल यांतून ही गरज बहुतांशी भागते. सोबत थोडा उकडलेला भोपळा किंवा गाजर द्यावे. अशा आहारात कॅल्शियम कमी पडते. अंड्यांची कवचे उकळून, वाळवून, वस्त्रगाळ पूड करून रोज अर्धा चमचा मिसळल्यास सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळते. वाढीच्या वयातील पिले, गाभण व दूध पाजणारी मादी यांच्या आहारासाठी, तसेच इतर खनिजे व जीवनसत्त्वांसाठी पशुवैद्यकाला विचारावे. हलक्या हाताने चाचपल्यावर फासळ्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर अन्न जास्त होत आहे आणि पैसाही.

कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट श्वानाला कधीही देऊ नयेत. शिजवलेली हाडे तुटून आतड्यात रुततात. त्यावरील शस्त्रक्रियेचा खर्च वर्षभराच्या अन्नापेक्षा अधिक होऊ शकतो.

मांजराचे गणित वेगळे आहे. त्याच्या शरीराला टॉरिन हे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते आणि ते मांस व मासळीतच पुरेसे असते. केवळ दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजराची दृष्टी व हृदय कालांतराने निकामी होऊ शकते. उंदीर मिळतात म्हणून त्याला उपाशी ठेवू नये. खाल्लेले मांजरही उंदीर मारते.

एकदाच होणारे दोन निर्णय

पहिला निर्णय नसबंदीचा. श्वान मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. प्रत्येक वेतातील पिलांचे अन्न, लसी व जंतनाशके यांचा हिशेब मांडला तर नसबंदीचा एकवेळचा खर्च लहान ठरतो. गर्भाशयात पू होणे व स्तनांच्या गाठी यांचा धोकाही त्यामुळे घटतो. नराच्या भटकंतीतून उद्भवणाऱ्या झुंजी, अपघात व समागमातून पसरणाऱ्या गाठी यांनाही आळा बसतो.

दुसरा निर्णय जातीच्या निवडीचा. थंड प्रदेशातील दाट केसांचा श्वान आपल्या उन्हाळ्यात ठेवणे म्हणजे कातडीचे विकार व उष्माघात यांचा खर्च ओढवून घेणे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तमिळनाडूतील राजपालयम व चिप्पिपराई आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड यांची देशी जाती म्हणून नोंदणी केली आहे. त्यानंतर हिमाचल प्रदेशातील मेंढपाळांच्या गद्दी श्वानासही ही मान्यता मिळाली. जात कोणतीही असो, ती आपल्या हवामानात वाढलेली असावी. गावात जन्मलेले निरोगी देशी पिलू तर बहुधा विनामूल्यच मिळते.

येथे काटकसर नको

घरातील माणसांची औषधे प्राण्याला देऊन पशुवैद्यकाची फी वाचत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. श्वानासाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजराला लावू नये आणि जनावरांचे गोचीडनाशक किंवा आयव्हरमेक्टिन अंदाजाने श्वानावर वापरू नये. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड वा ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवल्यास ते बंदिस्त जागी ठेवावे आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. विषबाधेचा संशय आल्यास वेष्टन सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

श्वान चावल्यास, तो घरचा व लस टोचलेला असला तरी, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. जखमेला हळद, तिखट किंवा चुना लावू नये.

कोठे मदत मिळते, कोणी पुढाकार घ्यावा

शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांची शिकवणी रुग्णालये येथे तपासणी व शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांपेक्षा सहसा कमी खर्चात होतात. मुंबईतील परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ, तसेच आणंद, जबलपूर, हैदराबाद, बेंगळुरू, लुधियाना, हिसार येथील महाविद्यालये ही त्याची उदाहरणे आहेत. १९६२ या निःशुल्क क्रमांकावरील फिरती पथके मुख्यतः पशुधनासाठी आहेत. पथक गोठ्यात आलेच असेल तर श्वानाबद्दलही सल्ला विचारावा. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा घटक समाविष्ट केला. दर्जेदार जेनेरिक पशुवैद्यकीय औषधे माफक दरात पोहोचविणे हा त्याचा हेतू आहे. पशुवैद्यकाकडून औषधाचे मूळ नाव लिहून घेतल्यास अशा औषधांची निवड सोपी होते.

कुटुंबाने वर्षाची लस, चार जंतनाशके व उन्हाळा-पावसाळ्यातील गोचीडनाशक यांचा स्थानिक दराने हिशेब करून त्याला बारांनी भागावे आणि येणारी रक्कम दरमहा बाजूला ठेवावी. अनपेक्षित आजारासाठी त्यात थोडी भर घालावी. बचत गटाच्या मासिक बैठकीतही ही रक्कम जमा करता येईल.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावात श्वान-मांजरांची यादी करावी. मालकाचे नाव, प्राण्याचे वय, वजन, शेवटच्या लसीची तारीख व नसबंदी झाली आहे का, एवढे पाच रकाने पुरेसे आहेत. ही यादी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे दिली की किती कुप्या, किती गोळ्या आणि किती शस्त्रक्रिया लागतील हे निश्चित होते व शिबिराचा दिवस ठरविता येतो. यादीत लसीची तारीख कोरी असलेल्या घरांपासून कामाला सुरुवात करावी.