एरंडेलाचा वास आणि वडिलांची फियाट

इंदूरच्या विजयनगरात राहावयास येऊन आम्हांस आता वीस वर्षे होऊन गेली. रामबागेतील वाडा सोडताना जे काही आम्ही बरोबर आणले, त्यात पितळी भांडी होती, वडिलांची कायद्याची पुस्तके होती आणि एक फियाट मोटार होती. भांडी माळ्यावर गेली, पुस्तके एका वाचनालयास दिली. मोटार मात्र इमारतीच्या मागील अंगास ताडपत्रीखाली जी उभी राहिली, ती तशीच राहिली. प्रारंभी आम्ही दर रविवारी तिचे एंजिन सुरू करीत असू. पुढे दर महिन्याला, मग दिवाळीस, आणि शेवटी तेही राहून गेले.

वडिलांनी ही गाडी १९६८ साली घेतली. त्या काळी मोटार घेणे म्हणजे पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात या इटालियन धाटणीच्या गाड्या तयार होत. १९७४ पासून हीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने घरोघर ठाऊक झाली. आमच्या गाडीतून वडील कोर्टात गेले, बहिणीची वरात निघाली, आणि आमचे चिरंजीव जन्मले तेव्हा महाराजा यशवंतराव रुग्णालयातून ते याच गाडीने घरी आले. वडील गेले तेव्हा गाडीच्या चाव्या सौभाग्यवतींनी देवघराच्या खणात ठेवल्या, त्या तेथेच होत्या.

परंतु विजयनगरात आता जागेची टंचाई फार. रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, प्रत्येक घरी दोन दोन गाड्या झाल्या. इमारतीतील मंडळींनी गाडी हलविण्याबद्दल तीनदा सुचविले, तेव्हा आम्ही भंगारवाल्यास बोलावले. त्याने पत्र्यावर बोट आपटून पाहिले, वजनाचा अंदाज बांधला आणि विसार दिला. आम्ही तो घेतला. विलायतेहून परतल्यावर गाडी न्यावी असे ठरले. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे आम्हांस चाळीस वर्षांच्या सहवासाने कळते. पण त्या वेळी आम्ही ते कळून घेतले नाही.

चिरंजीव इंग्लंडात अभियंता आहेत. तेथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी जरा चाचरत सांगितले, की तिघा मित्रांनी मिळून एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार घेतली आहे आणि येत्या शनिवारी ते ती शर्यतीत चालविणार आहेत. सौभाग्यवतींच्या हातातील पेला खाली राहिला. “शर्यतीत? तू?” एवढेच त्या म्हणाल्या. चिरंजीव म्हणाले, “आई, सातशे सत्तेचाळीस सीसीचे एंजिन आहे. आपल्या फियाटपेक्षाही लहान.” या उत्तराने मातेचे समाधान होत नसते.

शर्यत सिल्व्हरस्टोन येथे होती. हे नाव मोटार-शर्यतींत मोठे. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाईदलाचा तळ होता. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर आणि त्यांच्या कडेच्या रस्त्यांवर १९४८ साली मोठी शर्यत झाली, आणि १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील पहिली शर्यत येथेच धावली. दक्षिणेकडील गुडवुडची कथाही अशीच. तोही युद्धकाळातील विमानतळ. १९४८ साली शर्यती सुरू झाल्या, १९६६ साली थांबल्या, आणि १९९८ साली केवळ जुन्या गाड्यांसाठी पुन्हा सुरू झाल्या. तेथे प्रेक्षकही त्या काळचा पोशाख घालून येतात. आपल्याकडे मद्रासजवळील शोलावरम येथे जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती झाल्या आणि आमच्या फियाटच्या बहिणी तेथे धावल्या, हे आम्हांस चिरंजीवांकडूनच कळले. विमानांनी सोडलेल्या जागा मोटारींनी घ्याव्यात, हा प्रकार सर्वत्र सारखाच दिसतो.

मोठ्या बक्षिसांच्या शर्यती आम्ही दूरदर्शनवर पाहिल्या होत्या. येथे मात्र निराळेच दृश्य होते. ही शर्यत भरविणारी संस्था १९३४ साली स्थापन झाली. १९३० पर्यंतच्या गाड्या नव्या गाड्यांपेक्षा जीव लावून बांधलेल्या होत्या, अशी तिच्या संस्थापकांची श्रद्धा. आणि ज्यांच्यापाशी फारसा पैसा नाही अशा हौशी लोकांसाठी हा मंडळाचा खटाटोप, अशी तिची मूळ भूमिका. आता तेथे लक्षावधी पौंडांच्या बुगाटी आणि बेंटली येतात हे खरे. परंतु त्यांच्याच शेजारी कोणी निवृत्त शिक्षक, कोणी सुतार, कोणी नर्स आपापली लहानशी गाडी ओढगाडीवर घालून आणतात. जो गाडी चालवितो तोच तिच्याखाली आडवा होऊन ती दुरुस्त करतो. घरची माणसे डबे उघडतात, चहा करतात, हातातील घड्याळावर फेऱ्यांची वेळ टिपतात.

आणि तेथे एक वास होता. कोठे तरी ओळखीचा, नकोसा तरीही जवळचा. आम्ही विचारले, तेव्हा चिरंजीव हसले. काही जुन्या शर्यतीच्या एंजिनांत आजही एरंडेल तेल घालतात. ते अतिशय उष्णतेतही पातळ होऊन वंगण सोडत नाही. ‘कॅस्ट्रॉल’ या प्रसिद्ध तेलाचे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले. लहानपणी सुटीच्या सकाळी आईने नाक दाबून पाजलेले एरंडेल आम्हांस आठवले. साता समुद्रापलीकडे ते अशा रीतीने भेटेल असे मनातही नव्हते.

ही हौस असली तरी खेळ पोरखेळ नव्हे. चालकास परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडीचे ब्रेक, सुकाणू, चाके तपासली जातात. शिरस्त्राण आणि आगीपासून रक्षण करणारा पोशाख सक्तीचा. वळणावळणावर निशाणे घेऊन उभी असणारी माणसे बिनपगारी स्वयंसेवक असतात. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, कोणास ओलांडू नका. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. लाल म्हणजे शर्यत थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा आहे. सौभाग्यवतींनी ही निशाणे स्तोत्राप्रमाणे पाठ केली.

आम्हांस विशेष आवडली ती सुटण्याची पद्धत. काही शर्यतींत सर्व गाड्या एकदम सोडीत नाहीत. मंद गाडी आधी सुटते, तिच्याहून वेगवान काही सेकंदांनी, आणि सर्वांत वेगवान सर्वांच्या शेवटी. हिशेब बरोबर जमला, तर अखेरच्या फेरीत सारे जवळजवळ एकत्र येतात. अशक्तास आधी वाट द्यावी आणि सशक्ताने आपला वेग सिद्ध करावा, ही रीत संसारातही असती तर किती बरे झाले असते!

चिरंजीव पहिल्या काही गाड्यांत सुटले. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीस मात्र ते आलेच नाहीत. मागाहून सुटलेल्या गाड्या गर्जत पुढे गेल्या, आणि दूरच्या वळणावर पिवळे निशाण हलताना दिसले. सौभाग्यवतींनी आमचा हात धरला. आमच्या विवाहानंतर चारचौघांत त्यांनी हात धरण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. किती मिनिटे गेली कोण जाणे. मग दोरीने ओढीत आणलेली ती ठेंगणी गाडी आणि तिच्यात बसून हात हलविणारे चिरंजीव दिसले. मागचा एक्सल मोडला होता, दुसरे काही नव्हते.

पुढे जे घडले त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. शेजारी एक सत्तरी ओलांडलेले शिक्षक आपली ऑस्टिन घेऊन आले होते. दुपारच्या शर्यतीत ते चिरंजीवांचे प्रतिस्पर्धी. त्यांनी आपल्या पेटीतून जुन्या कापडात गुंडाळलेला एक्सल काढला आणि न बोलता पुढे केला. आणखी दोघे आले. चौघांनी मिळून मागचे चाक उतरविले. सौभाग्यवतींनी बरोबर नेलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी त्या काळ्या हातांना भरविली. दुपारी गाडी धावली. चिरंजीव शेवटून दुसरे आले. शिक्षक त्यांच्या पुढे तीन गाड्या. एक्सलचे पैसे विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की तो त्यांना अशाच कोणीतरी दिलेला होता; पुढे कोणाचा मोडला तर तुम्ही द्या.

त्या रात्री आम्ही चिरंजीवांस छेडले. ज्या गाडीचा एक्सल दुसऱ्याचा, पत्रा नवा, चाकेही बदललेली, ती शंभर वर्षांची जुनी गाडी कशी म्हणावयाची? आणि जुनी वस्तू जपावयाची असेल तर तिला अशी ताणावी कशाला? चिरंजीव म्हणाले, “बाबा, आपला राजवाडा १९८४ साली जळाला, तो तुम्ही पाहिला आहे. पुन्हा बांधला तेव्हा तो राजवाडाच राहिला ना?” आम्ही निरुत्तर झालो. होळकर घराण्यातील उषाराजे यांच्या पुढाकाराने जुन्या पद्धतीने उभारलेला तो वाडा आम्ही परक्यांना दाखविताना कधी ‘नवा’ म्हटलेला नाही.

होळकरांचा विषय निघाला तेव्हा आणखी एक गोष्ट मनास लागली. यशवंतराव होळकर (दुसरे) हे मोटारींचे मोठे शोकीन होते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेणाऱ्या या राजाने १९३५ च्या सुमारास अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या कारागिरांकडून केशरी आणि काळ्या रंगांचा देखणा सांगाडा चढवून घेतला होता. ती गाडी पुढे अमेरिकेस गेली. माणिकबागेतील सामान १९८० साली माँटे कार्लो येथे लिलावात विकले गेले. तेथील लोक या वस्तूंपुढे आज तिकीट काढून उभे राहतात. आम्ही इंदूरकर त्यांची छायाचित्रे पाहतो. राजाच्या गाडीसाठी आम्ही हळहळतो, आणि वडिलांच्या गाडीचा विसार घेतो!

चिरंजीवांनी मग एक छायाचित्र दाखविले. इटलीतील ब्रेसियाहून रोमला जाऊन परत येणारी, सुमारे हजार मैलांची ‘मिल्ले मिल्या’ शर्यत १९२७ ते १९५७ या काळात होत असे. १९५७ च्या भीषण अपघातात प्रेक्षकांतील मुलेही मृत्यू पावली, आणि खुल्या रस्त्यांवरील ती शर्यत कायमची बंद झाली. १९७७ पासून त्याच नावाने जुन्या गाड्यांचा प्रवास निघतो. त्यात वेगाला नव्हे, वेळेच्या अचूकतेला गुण. मूळ शर्यतीत ज्या जातीच्या गाड्या धावल्या, त्यांनाच त्यात प्रवेश. छायाचित्रातील गाडीचा बांधा पाहून सौभाग्यवती उद्गारल्या, “अगं बाई, ही तर आपलीच!” ती १९५३ साली जन्मलेली फियाट अकराशे होती. आमच्या गाडीची थोरली बहीण.

इंदूरला परतताच आम्ही भंगारवाल्याचा विसार दुप्पट करून परत केला. तो भला माणूस म्हणाला, “साहेब, असे पुष्कळ जण करतात, पण उशिरा करतात.”

रामबागेकडील एका वृद्ध मिस्त्रीने गाडी पाहिली. ब्रेकचे सिलिंडर गंजले होते, कार्ब्युरेटर चिकटला होता, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाही, म्हणून त्याही बदलाव्या लागल्या. चार महिने लागले. खर्च किती झाला ते आम्ही सौभाग्यवतींस सांगितले नाही, आणि त्यांनी विचारले नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षे चालते, आणि नूतनीकरणास पाच हजार लागतात. आधीच नोंदलेल्या गाडीस तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र ही गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची मिरवणूक, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. दिल्लीत १९६४ पासून निघणारी जुन्या गाड्यांची मिरवणूक प्रसिद्धच आहे. आमच्या इंदूरजवळ पीथमपूर येथे २०२१ साली गाड्यांच्या चाचणीसाठी सव्वाअकरा किलोमीटरहून लांब वेगपथ सुरू झाला. तो शर्यतीसाठी नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु तेथील रस्त्यावरून जाताना एखाद्या रविवारी हौशी लोकांच्या म्हाताऱ्या गाड्या डबे घेऊन तेथे जमल्या आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे येतेच.

कागदपत्रे हाती आल्यावर सौभाग्यवतींनी देवघराच्या खणातून चाव्या काढल्या. गाडीस हळदकुंकू लावले, नारळ फोडला. इमारतीतील मंडळी खाली आली. ज्यांनी गाडी हलवा म्हणून सांगितले होते, त्यांच्याच मुलांनी पुढे बसण्यासाठी भांडण केले. कोठे जावयाचे, असा प्रश्न निघाला. बाजारास जाणे नियमात नाही, देवळात जाणेही नाही. पेट्रोल भरण्यास जाणे मात्र बसते.

म्हणून आम्ही पेट्रोल भरावयास निघालो. पंप चौकातच होता. येताना मात्र, इंधनाचा काटा बरोबर दाखवितो की नाही हे पाहणे हाही देखभालीचाच भाग आहे, असे म्हणून आम्ही थोडा लांबचा रस्ता घेतला.