मित्राच्या घरी मुक्काम आणि घरफोडी

लग्न, परीक्षा, दवाखान्याचे काम किंवा नव्या गावात जागा मिळेपर्यंतचे चार दिवस, यांसाठी हॉटेलपेक्षा मित्राचे घर बरे वाटते. त्याच मुक्कामात घर फोडले गेले तर पाहुण्याची मोठी पंचाईत होते. सामान त्याचेही गेलेले असते, पण घर त्याचे नसते. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधीपासून ढिली होती का, दुसरी किल्ली कोणाकडे असते, कपाटात नेमके काय होते, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. पोलिसांच्या लेखी तो तक्रारदार असतो, साक्षीदार असतो आणि चौकशी करून बाजूला काढायचा माणूसही असतो.

‘कडीकोयंडा तोडून ऐवज लंपास’ हे वाक्य बातम्यांत इतके रुळले आहे की कुलूप तुटल्याशिवाय घरफोडी होत नाही, असाच बहुतेकांचा समज असतो. कायद्याची व्याख्या याहून बरीच रुंद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीचे सहा मार्ग सांगितले आहेत. माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने आत शिरणे, भिंत चढून जाणे, कुलूप उघडणे हे त्यांपैकी काही. १८६० च्या दंड संहितेत यासाठी एक बोलके उदाहरण होते: मालकाची हरवलेली किल्ली एखाद्याला सापडली आणि तिने दार उघडून तो आत गेला, तर तीही घरफोडीच. म्हणजे दाराला ओरखडाही न उमटता घर फोडता येते. चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला कलम ३३१ खाली १० वर्षांपर्यंत कैद आहे, तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत. राहत्या घरातील चोरीचे कलम ३०५ सहसा जोडीला लागते आणि त्याची कमाल शिक्षा ७ वर्षे आहे.

पाहुण्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब म्हणजे चोरीच्या गुन्ह्यात मालकीपेक्षा ताबा मोलाचा धरला जातो. वस्तू कोणाच्या तरी ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी झाली. पाहुण्याची बॅग त्याच्या ताब्यात होती, त्यामुळे तिच्यापुरता तोच फिर्यादी होऊ शकतो. “घर माझे नाही, मी कसा तक्रार करू?” हा संकोच अनाठायी आहे.

महाराष्ट्रात चोरट्यांना बंद घर सर्वांत सोयीचे पडते. दिवाळी आणि मे महिन्याची सुटी हा त्यांचा हंगाम. पाहुणा घरात असताना होणाऱ्या चोऱ्यांच्या तऱ्हा मात्र वेगळ्या असतात. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात उकाड्याने हैराण झालेले सगळे घर गाद्या घेऊन गच्चीवर झोपायला जाते. खाली दाराला नुसती बाहेरून कडी लावलेली किंवा साधे कुलूप असते. कूलरच्या घरघरीत आणि झोपेच्या गुंगीत खालचा आवाज वर पोहोचत नाही. पाहुण्याचे पाकीट, मोबाइलचा चार्जर, अडकवलेली पँट, उघडी बॅग, सगळे खालीच राहिलेले असते. पाहुण्याची बॅग चोरासाठी तयार गाठोडेच. घरातले दागिने निदान कपाटात कुलूपबंद असतात, पण लग्नासाठी आणलेले दागिने तर साडीच्या घडीत गुंडाळून बॅगेतच ठेवलेले असतात. शहरातल्या फ्लॅटची गोष्ट निराळी. तिथे सगळे मिळून लग्नघरी गेले की दोन-तीन तास दाराला फक्त लॅच असते, आणि पातळ फळीचे दार कटावणीपुढे फार वेळ टिकत नाही.

चोर आत असतानाच जाग आली तर? स्वसंरक्षणाचा हक्क फक्त घरमालकाला असतो, असे पुष्कळांना वाटते. न्याय संहितेच्या कलम ३५ प्रमाणे हा हक्क स्वतःच्या तसेच दुसऱ्या कोणाच्याही मालमत्तेसाठी वापरता येतो, म्हणजे पाहुण्यालाही तो आहे. रात्रीच्या घरफोडीत तो प्रसंगी हल्लेखोराच्या जिवावर बेतेपर्यंत जाऊ शकतो, असे कलम ४१ सांगते. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क उरत नाही. रात्रीच्या घरफोडीपुरता तो चोर घरात असेपर्यंतच टिकतो. तो कुंपणावरून उडी मारून रस्त्याला लागल्यावर मागे धावून त्याचे डोके फोडले तर स्वसंरक्षणाच्या नावाखाली सुटका होईलच असे नाही. व्यवहारातही अनोळखी घरात, अंधारात, दिव्याचे बटण कुठे आहे हे माहीत नसताना पाहुण्याने शौर्य दाखवू नये. खोलीची कडी आतून लावून ११२ ला फोन करणे बरे. त्यासाठी मुक्कामाच्या जागेचा नीट पत्ता तोंडपाठ हवा. “अमक्याच्या घरी आहे” एवढ्यावर पोलिसांची गाडी येऊ शकत नाही.

चोरी उघडकीस आल्यावर पहिल्या तासात घरोघरी सारखेच घडते. शेजारी जमतात, कोणीतरी विस्कटलेले कपडे उचलून गादीवर ठेवते, कोणी कपाटाचे दार लोटून बघते, तर कोणी सगळ्यांसाठी चहा टाकते. या धांदलीत बोटांचे ठसे पुसले जातात. काच, लोखंडी कपाटाचा गुळगुळीत रंग, स्टीलचा डबा यांवर ठसे चांगले उमटतात. खरखरीत भिंतीवर आणि कापडावर ते सहसा मिळत नाहीत. घरफोडी आणि ठसे यांचे नाते जुने आहे. ठशांची नोंद ठेवणारे जगातले पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात उघडले. ठशांच्या वर्गवारीची पद्धत पुढे एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. तिच्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांची मेहनत होती, त्यांना मात्र श्रेय उशिरा आणि अर्धेच मिळाले. इंग्लंडमध्ये ठशाच्या पुराव्यावर झालेली पहिली शिक्षाही घरफोडीचीच होती. १९०२ साली लंडनच्या एका घरातून हॅरी जॅक्सन नावाच्या माणसाने बिलियर्डचे चेंडू पळवले. खिडकीची चौकट नुकतीच रंगवलेली होती आणि ओल्या रंगात त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला. त्याला सात वर्षांची कैद झाली.

पाहुणा असलेल्या घरात ठसेतज्ज्ञांचे काम वाढते. चार दिवस राहिलेल्या माणसाची बोटे फ्रिजपासून कपाटापर्यंत सगळीकडे लागलेली असतात. त्यामुळे घरच्यांबरोबर त्याचेही ठसे घेतले जातात आणि सापडलेल्या ठशांतून वजा केले जातात. अनेकांना हा संशयच वाटतो आणि ते रागावतात. पण ठसे दिले नाहीत तर पाहुण्याचाच ठसा ‘अनोळखी’ म्हणून तपासात फिरत राहतो. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. श्वानपथकही कधी कधी येते. ‘श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला आणि ते तिथेच घुटमळले’ हे त्यानंतरच्या बातमीतले ठरलेले वाक्य असते, कारण तिथून चोर बहुधा गाडीवर बसलेले असतात.

मग पंच बोलावून घटनास्थळाचा पंचनामा होतो. एका घरफोडीचा सहसा एकच गुन्हा नोंदवला जातो. फिर्याद बहुतेक वेळा यजमान देतो आणि पाहुण्याचे सामान त्याच यादीत येते. यादीतल्या चुका पुढे महागात पडतात. “एक बॅग आणि सोने” एवढ्याने भागत नाही. मंगळसूत्राचे पदर किती, पेंडंटवर कोणती खूण, अंदाजे वजन, पावती कोणत्या सराफाची, लग्नातल्या कोणत्या फोटोत तो दागिना दिसतो, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक काय, हे सगळे नमूद करावे लागते. जुनी पावती दिली की ऐवजाची किंमतही जुन्याच भावाने लावली जाते, अशी कुरकुर नेहमी ऐकू येते. गावी परतल्यावर आणखी काही नाहीसे झाल्याचे ध्यानात आले तर पुरवणी जबाब देता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही पोलीस ठाण्यात हद्दीचा प्रश्न न आणता गुन्ह्याची खबर देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. परगावच्या पाहुण्याने स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवून घ्यावा, नाहीतर सगळी खबर यजमानाकडेच येत राहते.

“तुमचा कोणावर संशय?” हा प्रश्न हमखास विचारला जातो. घरातल्यांच्या तोंडी पटकन धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, वॉचमनचे किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या सुताराचे नाव येते, आणि पाहुणाही माहिती नसताना मान डोलावतो. घरात पहिल्यांदाच आलेल्याने असे नाव घेणे तर अगदीच बेजबाबदारपणाचे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर जाण्याची सवय पूर्णपणे मोडलेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनात या संशयाखाली वाढणारी पोरे दिसतात. पाहुण्याने पाहिले तेवढेच सांगावे: किती वाजता झोपलो, कोणता आवाज आला, दार उघडे दिसले की लोटलेले.

नुकसान भरून कोण देणार, हा प्रश्न मैत्रीत उघडपणे विचारला जात नाही, पण मनात सलत राहतो. यजमान पाहुण्याच्या सामानाचा आपोआप जबाबदार ठरत नाही. पाहुण्याने दागिने विश्वासाने त्याच्या हाती दिले आणि त्याने ते आपल्या कपाटात ठेवले, तर चित्र बदलते. १८७२ च्या करार कायद्यातल्या निक्षेपाच्या तरतुदी इथे लागू होऊ शकतात. सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी यजमानाने घ्यायची असते, मोबदला घेतलेला असो वा नसो. तेवढी घेतली असेल तर चोरीचे खापर त्याच्यावर फुटत नाही.

विम्याने तरी भरपाई होईल, ही आशाही पुष्कळदा फोल ठरते. एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप यांसारख्या संकटांना संरक्षण आहे. चोरीची भरपाई त्यात आहे, पण अशा संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. शिवाय घरातले सामान म्हणजे सहसा विमाधारकाचे आणि त्याच्या कुटुंबीयांचे. पाहुण्याचा लॅपटॉप त्यात बसेलच असे नाही. त्यातच पॉलिसीतली घरफोडीची व्याख्या कायद्याहून अरुंद असते. जबरदस्तीने आत शिरल्याची खूण मागणारी अट पॉलिसीत असेल तर ती पाळली जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे किल्लीने उघडलेले दार फौजदारी कायद्याला चालते, पण विमा कंपनीला चालत नाही. लॅच ओढायचे पाहुण्याकडून राहिले असेल तर यजमानाचाही दावा अडतो. त्या एका लॅचवरून वर्षानुवर्षांची मैत्री अबोल झाल्याची उदाहरणे आहेत.

कागदपत्रांची निकड विम्याहून मोठी. चोरीच्या मोबाइलसाठी केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडून आयएमईआय बंद करता येतो. महाराष्ट्रात ही सोय प्रायोगिक स्वरूपात २०१९ मध्येच सुरू झाली होती. परदेशातून सुटीला आलेल्या मराठी पाहुण्याचा पासपोर्ट गेला तर कटकट वाढते. परदेशी नागरिकत्व असेल तर त्या देशाच्या वकिलातीकडून नवा पासपोर्ट आणि नंतर भारतातून बाहेर पडण्याची परवानगी घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट असून फक्त अमेरिकेचे ग्रीन कार्ड गेले असेल तर विमानात चढण्यासाठी अमेरिकी वकिलातीचे वेगळे पत्र लागते. प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा प्रथम खबरीची प्रत मागतात.

गुन्हेशास्त्रज्ञ माइक मॅग्वायर यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या अभ्यासात घरफोडी झालेल्या पुष्कळांना गेलेल्या वस्तूंपेक्षा परका माणूस आपल्या खोलीत वावरून गेला याचाच त्रास अधिक झाल्याचे दिसले. पाहुण्याला आपल्या घरी परतता येते. तो दुसऱ्या दिवशी गाडी पकडतो. यजमानाला त्याच खोलीत झोपायचे असते. एकदा फोडलेले घर थोड्याच दिवसांत पुन्हा फोडले जाण्याचा धोका इतर घरांपेक्षा जास्त असतो, हेही संशोधनातून पुढे आले आहे. चोराला वाट माहीत झालेली असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या आल्या असतील याचाही त्याला अंदाज असतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावाच्या कर्कहोल्ट वस्तीत १९८० च्या दशकात आधी फोडल्या गेलेल्या घरांकडेच विशेष लक्ष दिले, तेव्हा वस्तीतल्या घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या. म्हणून कुलूप आणि कडीकोयंडा ‘पुढच्या महिन्यात’ बदलून चालत नाही.

चोर सापडला तरी सोने बहुधा लगडीच्या रूपात सापडते, आणि लगडीत पाहुण्याचे किती व यजमानाचे किती हे वजनाच्या नोंदीवरूनच ठरवावे लागते. जप्त मुद्देमाल पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहू नये; पंचनामा करून, फोटो काढून आणि बंधपत्र घेऊन तो हक्कदाराला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि पाहुण्याने तो स्वतःच्या वस्तूंपुरता स्वतःच्या नावाने केलेला बरा. वस्तू परत मिळाली तरी खटला संपेपर्यंत ती विकता किंवा मोडता येत नाही, कारण न्यायालय ती पुन्हा हजर करायला सांगू शकते. साक्षीचे समन्स काही वर्षांनीही येते. त्या गावी जाणे जमत नसेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेने दृक्-श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची मुभा दिली आहे. तशी विनंती समन्स मिळताच सरकारी वकिलांमार्फत न्यायालयाकडे करायची असते.