संकरित गाय आणि खेचर : शब्द एक, अर्थ दोन

खेडोपाडी कृत्रिम रेतनाचा प्रसार होऊन पुष्कळ वर्षे लोटली. तथापि संकरित जनावरांविषयी एक शंका अद्यापही अनेकांच्या मनात घर करून आहे. संकरित गाय म्हणजे खेचराचाच एक प्रकार असून तिचा वंश पुढे चालावयाचा नाही, अशी ती शंका होय. एखादी कालवड दोनतीन वेळा उलटली की ही शंका बळावते आणि उपचार करण्याऐवजी चांगले जनावर वांझ समजून विकले जाते. गाय आणि खेचर या दोहोंच्या बाबतीत ‘संकर’ हा एकच शब्द वापरला जात असल्याने हा घोटाळा होतो. म्हणून या शब्दाचे दोन अर्थ नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

जात निराळी, प्रजाती निराळी

खिलार, गीर, माळवी, कृष्णाकाठची कृष्णा खोरे किंवा गोव्यातील श्वेतकपिला या गाईंच्या वेगवेगळ्या जाती होत. रंग, शिंगे, दूध आणि कामाची ताकद यांत त्यांच्यात फरक असला तरी त्यांचा आपसांत संकर होतो व त्यापासून झालेली संततीही पुढे प्रजननक्षम असते. घोडा आणि गाढव यांची गोष्ट तशी नाही. ते एकाच कुळातील असले तरी दोन भिन्न प्रजातींचे प्राणी आहेत. त्यांच्या संबंधातून पिलू जन्मते, परंतु वंश तेथेच खुंटतो. थोडक्यात, पहिला संकर दोन जातींचा, तर दुसरा दोन प्रजातींचा असतो.

खेचर वांझ का असते?

प्राण्याच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणारी गुणसूत्रे असतात व ती जोडीजोडीने असतात. घोड्याची गुणसूत्रे ६४, तर गाढवाची ६२ आहेत. गाढव नर आणि घोडी यांच्या संबंधातून खेचर जन्मते. त्याला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१, अशी एकूण ६३ गुणसूत्रे मिळतात. शरीराची वाढ होण्यास एवढ्याने अडचण येत नाही. परंतु शुक्रजंतू अथवा बीजांड तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार सापडावा लागतो. अंगरख्याच्या एका बाजूस ३२ गुंड्या आणि दुसऱ्या बाजूस ३१ काजे असावीत, शिवाय त्यांची अंतरेही जुळू नयेत, तशी स्थिती येथे होते. जोड्या जुळत नाहीत आणि सक्षम बीज तयार होत नाही. मादी खेचर व्याल्याच्या नोंदी जगात आहेत, पण त्या अतिविरळ होत. नर खेचर वांझ असला तरी त्याच्या अंगी नराची खोड असते. म्हणून कामाच्या खेचराचे खच्चीकरण करण्याची पद्धत आहे.

वांझ असले तरी खेचर निरुपयोगी नाही. घोडीचा बांधा आणि गाढवाचा काटकपणा त्याच्या ठायी एकवटतो. केदारनाथच्या चढणीवर यात्रेकरूंना वाहून नेण्यासाठी आणि हिमालयातील ठाण्यांवर सैन्याची रसद पोहोचविण्यासाठी खेचरांचा दीर्घकाळ उपयोग होत आला आहे.

संख्या जुळली तरी पुरत नाही

लडाखमध्ये याक आणि गाय यांचा संकर करतात. त्यातील नरास झो व मादीस झोमो म्हणतात. याक आणि गाय या दोहोंची गुणसूत्रे ६० असतात, तरीही झो वांझ निघतो. झोमो मात्र दूध देते आणि गाभणही राहते. दोन प्रजातींच्या संकरात एकच लिंग दुर्बल किंवा वांझ निघाले, तर ज्या लिंगाची लिंगगुणसूत्रे असमान असतात तेच बहुधा असे निघते, हा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली मांडला. सस्तन प्राण्यांत असे लिंग नराचे असते. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

नाते जसजसे दूरचे, तसतसा संकर अवघड होतो. शेळीची गुणसूत्रे ६० आणि मेंढीची ५४ असून त्यांचे पिलू जगल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. म्हैस व गाय एका गोठ्यात वर्षानुवर्षे राहिल्या तरी त्यांचा संकर होत नाही.

संकरित गाईचे काय?

होल्स्टीन व जर्सी या विदेशी गाईंची गुणसूत्रे देशी गाईप्रमाणेच ६० आहेत. वशिंडाच्या आणि बिनवशिंडाच्या गाईंना काही शास्त्रज्ञ निरनिराळी नावे देतात. परंतु त्यांच्यातील नाते इतके जवळचे आहे की त्यांची संकरित कालवड गाभण राहते, विते आणि तिची वासरेही पुढे वितात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी व होल्स्टीन या तिन्हींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली व तिच्या पिढ्या पुढे चालविल्या, हे याचे ठळक प्रमाण होय. संकरित वळूंत मात्र कमी प्रतीचे वीर्य आढळण्याचे प्रमाण देशी वळूंपेक्षा अधिक असते. यास्तव गावातील कोणताही वळू न वापरता तपासलेल्या वळूचेच वीर्य वापरावे.

मग कालवड उलटते कशाने? अपुरा चारा, क्षारांची उणीव, गर्भाशयाचा विकार आणि रेतनाची चुकलेली वेळ ही नेहमीची कारणे होत. गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसल्यास त्याच सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. जुळ्यांत वळवासराबरोबर जन्मलेली कालवड मात्र बहुधा खरोखरीच वांझ असते. गर्भाशयात दोघांच्या रक्ताचा संबंध आल्याने असे घडते. हा प्रकार देशी गाईतही होतो; त्याचा संकराशी संबंध नाही.

तात्पर्य, खेचराचे वांझपण हे दोन प्रजातींमधील अंतराचे फळ आहे. ते संकरित गाईच्या माथी मारणे योग्य नव्हे. तीन वेळा रेतन करूनही गाय गाभण न राहिल्यास तिला बाजाराची वाट दाखविण्यापूर्वी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावे. पुष्कळ वेळा दोष रक्तात नसून दावणीत असतो आणि तो दूर करता येतो.