पेट्रोलवर उडणारं मोठं मॉडेल विमान : जोडणी आणि थरथरीचा हिशेब

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला काढू. व्याख्यानाच्या फलकावर ‘गॅसवर चालणारं रेडिओ-कंट्रोल विमान’ असं लिहिलं होतं. ते वाचून इथल्याच एका आजोबांनी विचारलं, “सिलिंडर कुठं बसवता?” आजोबांचं काही चुकलं नाही. अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात आणि या छंदातले बहुतेक व्हिडिओ तिकडचे, म्हणून तो शब्द इकडे आला. आपण सरळ पेट्रोल म्हणू. लहान मॉडेलांत मिथेनॉलवर चालणारी ग्लो इंजिनं असतात, त्यांचा विषय वेगळा.

आम्ही आंबिवलीतली चार माणसं. एक एनआरसीत फिटर होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. एकाने कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलं होतं, दोरीला बांधून गोल फिरवायची विमानं. उरलेले दोघं बघे म्हणून आलो आणि अडकलो. जागा म्हणजे इमारतीची गच्ची आणि पावसाळ्यात जिन्याखालची मोकळी जागा. गच्चीवर विमान म्हटलं की लोकांना कॅप्टन अमोल यादव आठवतात. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपात राहत्या इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांना पाहायला मिळालं. त्याच्यापुढे आमचं काम म्हणजे पोरखेळ, हे मान्यच.

तरी ‘खेळणं’ म्हणताना जरा थांबा. आमच्या विमानाचं इंजिन ५५ सीसीचं आहे, पंखांचा विस्तार सव्वादोन मीटर, वजन आठ किलोच्या आसपास. ते ताशी ९० किलोमीटरने जात असेल, तर त्याच्यात साधारण अडीच हजार ज्यूल ऊर्जा असते. आठ किलोचं गाठोडं दहाव्या मजल्यावरून खाली आलं, तर जमिनीशी येताना त्याच्यात तेवढीच असेल. शिवाय पुढे २२ इंचांचा प्रोपेलर. तो मिनिटाला ७००० फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या वर जातो. त्या चकतीत बोट गेलं तर बोट राहत नाही.

सरकारही याला खेळणं मानत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमान म्हणजे २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी असलेलं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. आठ किलोचं विमान ‘स्मॉल’ या वर्गात पडतं, तो दोन ते २५ किलोचा. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, नोंदणी आणि परवान्याचं काय, हे खोकं उघडण्याआधी बघा. विमान तयार झाल्यावर बघायला गेलात की मन पळवाटा शोधायला लागतं.

आता जोडणी. हल्ली असं विमान बहुतेक तयार अवस्थेत येतं. बाल्सा लाकूड आणि प्लायवूडचा सांगाडा, त्यावर इस्त्रीने चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म. पंखाचे दोन अर्धे वेगळे असतात आणि ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या नळीवर सरकवून बसवायचे. खोकं फार लांब असतं. आम्ही ते लोकलच्या मालडब्यातून आणलं, दादरपासून आंबिवलीपर्यंत भाजीच्या टोपल्यांशेजारी उभं धरून. पेट्रोल मात्र ट्रेनमधून कधीही न्यायचं नाही, तसा कायदाच आहे.

खोकं उघडलं की वाटतं, दोन रविवारांत उडवू. विजेवरचं मॉडेल असेल तर कदाचित जमेलही. पेट्रोलचं नाही जमत, आणि त्याला कारण एकच : थरथर. एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतं. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला शंभर धक्के. दहा मिनिटांच्या उड्डाणात साठ हजार. लाकडी पेटीवर साठ हजार वेळा हातोडी मारली तर तिच्यातला कुठला स्क्रू आधी ढिला होईल? पेट्रोल-विमान जोडताना प्रत्येक ठिकाणी आम्ही हाच प्रश्न विचारतो. हे शहाणपण आम्हाला पहिलं विमान गमावून आलं. ते पुढे सांगतो.

सुरुवात फायरवॉलपासून. नाकाशी असलेली जाड प्लायवूडची भिंत, जिच्यावर इंजिन बसतं. कारखान्यात ती चिकटवलेली असते, पण आम्ही त्यावर विश्वास टाकत नाही. आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या अर्ध्या तासात सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवतो. पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे नको, ते ठिसूळ होतं. मग इंजिनाच्या सगळ्या जागेवर पातळ इपॉक्सीचा हात फिरवतो, कारण पेट्रोलमधलं तेल उघड्या लाकडात मुरलं की पुढे कुठलाच गोंद धरत नाही. इंजिनाचे बोल्ट आरपार, मागे रुंद वॉशर आणि नायलॉनच्या कड्याचे नट. धातू धातूत जातो तिथे निळं लॉकटाइट. लाल नको, ते पुन्हा सुटायला जाळ लागतो.

इथे एक सापळा आहे. काकांनी भिंतीला गुण्या लावला आणि जाहीर केलं, “भिंत वाकडी आहे. दोन वॉशर टाकून सरळ करतो.” टाकलेही. एनसीसीवाल्याने वेळेत पाहिलं म्हणून वाचलो. भिंत मुद्दाम वाकडी ठेवलेली असते. प्रोपेलरच्या फिरण्याने विमान डावीकडे ओढलं जातं, म्हणून इंजिनाचं तोंड एक-दोन अंश उजवीकडे असतं, बऱ्याचदा किंचित खालीही. तसं असूनही प्रोपेलर नाकाच्या मधोमध यावा म्हणून इंजिनाची भोकं थोडी डावीकडे पाडलेली असतात. चाळीस वर्षं काटकोन जपलेल्या माणसाला हे पटवणं सोपं नव्हतं. अजूनही ते त्या भिंतीकडे बघून मान हलवतात.

आता टाकी. तिला तीन नळ्या. एक कार्बोरेटरकडे, एक भरायला, एक हवेला. कार्बोरेटरच्या नळीच्या टोकाला आत एक जड लोळा असतो. विमान उलटं झालं की लोळाही पेट्रोलच्या मागे जातो, म्हणून इंजिन बंद पडत नाही. नवखी मंडळी हटकून चुकतात ती नळीच्या निवडीत. ग्लो इंजिनाची पारदर्शक सिलिकॉन नळी हाताशी असते, ती लावून टाकतात. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, मऊ होतं आणि थरथरीने तोटीवरून सरकतं. पेट्रोलसाठी टायगॉनची पिवळी नळी येते, तीच घ्या. प्रत्येक तोटीवर तारेचा फास हवा. टाकीभोवती फोम, म्हणजे आत पेट्रोलला फेस येत नाही. फेस आला की कार्बोरेटरला पेट्रोलऐवजी हवा मिळते.

पेट्रोलबद्दल आणखी एक. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कल्याण-टिटवाळ्याच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा! ते पेट्रोल टाकीत राहिलं तर कार्बोरेटरचा पातळ पडदा खराब होतो. म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करायची आणि इंजिन सुरू करून कार्बोरेटरही कोरडा करायचा. तेल चांगलं टू-स्ट्रोकचं. नव्या इंजिनाला ३०:१, म्हणजे लिटरला ३३ मिलिलिटर. इंजिन सरावल्यावर उत्पादकाच्या पुस्तिकेत असेल तसं.

मागचं शेपूट आणि पंखांच्या हलत्या पट्ट्या, एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, बिजागऱ्यांवर असतात. बिजागरीच्या सांध्याला आधी व्हॅसलीन लावायचं, म्हणजे इपॉक्सी आत शिरून तो अडकत नाही. गोंद लागल्यावर प्रत्येक पट्टी ओढून बघायची, आणि नीट ओढायची, भीत भीत नाही. पट्ट्या हलवणारे सर्वो धातूच्या गिअरचे आणि १५-२० किलो-सेंटीमीटर ताकदीचे. ताकदीइतकंच महत्त्व ढिलाईला आहे. दांडीच्या टोकाला जराशी खेळ राहिली की वेगात पट्टी फडफडायला लागते, झेंड्यासारखी. ती फडफड एक-दोन सेकंदांत बिजागऱ्या उपटू शकते. सर्वोची पट्टी हाताने धरून हलवा. टिक् टिक् लागत असेल, तर अजून जोडणी झालेली नाही.

आता ते पहिलं विमान. डिसेंबर होता, भात कापून झालं होतं, नदीकडच्या शेतात उडवत होतो. दुसरी टाकी चालू होती. अचानक हातातल्या ट्रान्समीटरला विमान दाद देईना. डावीकडे किंचित झुकलेलं, तसंच ते लांब लांब जात राहिलं. आम्ही चौघं नुसते बघत होतो. पलीकडच्या बांधाशी एक कुटुंब पेंढा भरत होतं. आम्ही ओरडत धावलो, त्यांना काय चाललंय ते कळेना. विमान त्यांच्यापासून तीसेक पावलांवर नाकावर पडलं. बाई बाळाला घेऊन उभी होती. काही बोलली नाही, आमच्याकडे बघत राहिली. त्या नजरेवर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

घरी आणून तुकडे जुळवले तेव्हा कारण सापडलं. रिसीव्हरच्या बॅटरीचा कनेक्टर थरथरीने निसटला होता. आता हे नीट ऐका. आमची समजूत होती की सिग्नल तुटला तर फेलसेफ थ्रॉटल खाली घेईल. पण फेलसेफ चालवतो रिसीव्हर, आणि रिसीव्हरच मेला होता. सर्वो जिथे होते तिथेच थिजले. इग्निशनची बॅटरी मात्र वेगळी असते, ती शाबूत. त्यामुळे इंजिन जोरात चालू आणि विमान बेवारस.

म्हणून दुसऱ्या विमानात रिसीव्हरला दोन बॅटऱ्या आणि दोन स्विच आहेत. प्रत्येक कनेक्टर दोऱ्याने बांधलेला, वर क्लिप. रिसीव्हर फोममध्ये गुंडाळलेला आणि इग्निशनपासून निदान फूटभर लांब, कारण ठिणगीच्या उच्च दाबाने रेडिओत गोंगाट होतो. इग्निशनच्या वायरीत ऑप्टिकल किल-स्विच आहे. तो प्रकाशातून संदेश घेतो, त्यामुळे दोन्ही सर्किटं विजेने जोडली जात नाहीत, आणि रिसीव्हरची वीज गेली की तो इग्निशन आपोआप तोडतो. आम्ही इंजिन चालू ठेवून रिसीव्हरचे दोन्ही स्विच बंद करून बघतो. इंजिन थांबलं नाही, तर त्या दिवशी उड्डाण नाही. बाहेरच्या बाजूला हाताचा स्विचही असतो, प्रोपेलरच्या मागून हात पोचेल असा.

जोडणीचं शेवटचं मोठं काम म्हणजे तोल. साध्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश भागात असतो. पंख ४० सेंटीमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून १० ते १३. पुस्तिकेत आकडा असेल तो पाळा. टाकी रिकामी ठेवून तपासा. शेपूट जड निघालं तर नाकात शिसं टाकण्याआधी हा हिशेब बघा. शेपटीकडे मध्यापासून ११० सेंटीमीटरवर १०० ग्रॅम जास्त असेल, तर ते भरून काढायला ४५ सेंटीमीटरवरच्या नाकात २४५ ग्रॅम लागतात. म्हणून आधी बॅटऱ्या पुढे सरकवायच्या. नाक थोडं जड असलेलं विमान आळशी उडतं, शेपूट जड असलेलं बऱ्याचदा दुसऱ्यांदा उडतच नाही.

इंजिनाच्या झाकणाबद्दल थोडक्यात. हवा आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर जायची वाट दुप्पट-तिप्पट मोठी हवी, आणि आत आलेली हवा सिलिंडरच्या पंख्यांवरूनच जाईल असा पडदा लावायचा.

लोक विचारतात, नेवाळीला का नाही उडवत? दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, जवळच आहे. ती जागा संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे. त्याच जमिनीसाठी २०१७ मध्ये शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं. तिथे आपल्या छंदाचं काम नाही. आम्ही कापणी झालेली शेतं वापरतो, शेतकऱ्याला आधी विचारून, वस्ती आणि रेल्वेच्या तारा लांब ठेवून. त्या कुटुंबाकडे नंतर जाऊन माफी मागितली होती. आता उडवायच्या आदल्या दिवशी आसपासच्या शेतांवर जाऊन सांगून येतो.

पुढच्या रविवारी इथेच मागच्या अंगणात इंजिन चालवून दाखवू. विमान खुंट्यांना बांधलेलं असेल, उडवणार नाही. पहिल्या टाकीनंतर इंजिन थंड झालं की प्रोपेलरचे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, समोरासमोरचे आळीपाळीने, कारण लाकडी प्रोपेलर दाबला जाऊन बोल्ट सैल होतात. ते काका दाखवतील. मुलांना आणा, पण उभं राहायचं ते विमानाच्या मागच्या बाजूला. पुढे नाही आणि प्रोपेलरच्या रेषेत तर अजिबात नाही.