सांख्यिकी मंत्रालयाचा खर्च : आकडे वाचताना

दिल्लीतील सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या खर्चाचा आलेख पाहणारा विद्यार्थी हमखास फसतो. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी दोन विभागांच्या विलीनीकरणातून हे मंत्रालय अस्तित्वात आले. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचा निधीही याच मंत्रालयाच्या अनुदान मागणीत समाविष्ट असतो. दर खासदारामागे वार्षिक २ कोटी रुपये असलेली ही रक्कम २०११-१२ पासून ५ कोटी झाली. तेव्हाचे ७९० सदस्य धरल्यास ती ३,९५० कोटी भरते. साहजिकच त्या सुमाराची वाढ सर्वेक्षणांवरील खर्चाची नव्हे. एप्रिल २०२० मध्ये करोना साथीमुळे योजना स्थगित झाली आणि आलेख कोसळला; नोव्हेंबर २०२१ मध्ये ती पूर्ववत झाली. ही घटही आकडेवारीच्या कामातील नव्हती.

सांख्यिकीय कार्याचा खर्च पाहायचा तर कर्मचाऱ्यांचे वेतन, क्षमता विकास योजना आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अनुदान ही शीर्षे वेगळी काढावी लागतात. जनगणनेचा खर्च मात्र येथे शोधू नये. तो गृह मंत्रालयाकडे असतो.

या तुलनेने लहान तरतुदीवर बरेच काही अवलंबून असते. २०१७-१८ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणाचे निष्कर्ष त्यांच्या गुणवत्तेच्या कारणास्तव प्रसिद्ध झाले नाहीत व पुढील सर्वेक्षण २०२२-२३ मध्ये झाले. परिणामी रिझर्व्ह बँक ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ४ टक्के महागाईचे लक्ष्य मोजत होती, त्याचे भारांक दशकाहून अधिक काळ २०११-१२ च्याच कौटुंबिक खर्चावर आधारलेले राहिले.