कुंभारणीचं मडकं

पाऊस ओसरला की नेरूळ-खारघरच्या घरांत खिडकीच्या चौकटीला मातीचं इवलंसं मडकं चिकटलेलं दिसतं. हे कुंभारीण माशीचं काम. म्हणायला माशी, पण ती गांधीलमाशीची एकांडी नातलग. ओल्या मातीच्या गोळ्या आणून जबड्यांनी नि पुढच्या पायांनी ती मडकं वळते, त्याला सुबक गळाही काढते. नाव किती चपखल!

ती मडक्यात अळी कोंडून तोंड लिंपते, आणि काही आठवड्यांनी आतून कुंभारीणच बाहेर पडते. जुन्या लोकांनी हे पाहिलं आणि मानलं, की भ्यालेली अळी तिचंच ध्यान करत तिच्यासारखी झाली. भागवतातल्या अवधूताच्या २४ गुरूंत ही कुंभारीणही आहे. १५७३ मध्ये पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतात हा दृष्टान्त मराठीत येतो.

पाहणं अचूक होतं, फक्त मडक्याच्या आतलं दिसलं नव्हतं. कुंभारीण आधी आतल्या छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगते. मग डंखाने लुळ्या केलेल्या अळ्या भरते. त्या मेलेल्या नसतात, म्हणून सडत नाहीत. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्यांच्यावर पोसतं आणि तिथेच कोशात जातं.

चीनमध्येही कुंभारीण अळ्या दत्तक घेते अशीच समजूत होती. तिथले विद्वान ताओ होंगजिंग (४५६–५३६) यांनी ती खोडून काढली.

आमच्या खिडकीतल्या मडक्याला परवा वाटोळं भोक पडलेलं दिसलं.