तक्त्यांची सांधणी

जुन्या पेढीवरील मुनीम रोजकीर्दीतील प्रत्येक व्यवहारापुढे गिऱ्हाइकाचे गाव, घर नि पत्ता लिहीत बसत नसे. खतावणीतील त्याच्या खात्याचा पानक्रमांक तेवढा मांडला की काम भागे. उरलेला तपशील त्या पानावर एकदाच लिहिलेला असे. आज व्यापारी कचेऱ्यांतून अहवाल तयार करण्यासाठी ज्या संगणकीय आज्ञावली वापरल्या जातात, त्यांतील तक्त्यांचे परस्परसंबंध याच युक्तीवर उभे आहेत. एका तक्त्यात विक्रीच्या नोंदी असतात, दुसऱ्यात गिऱ्हाइकांची यादी, तिसऱ्यात मालाची. आणि दोन तक्त्यांना सांधणारा दुवा म्हणजे दोहोंत समान असलेला एखादा रकाना.

या कल्पनेला गणिताची बैठक दिली ती एडगर कॉड या इंग्रज शास्त्रज्ञाने. अमेरिकेतील सॅन होझे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना त्याने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्रात कोठे व कशी साठविली आहे, हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, असे त्याचे प्रतिपादन होते. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात मांडावी आणि तक्त्यांतील मूल्यांच्या आधारेच त्यांचा परस्परांशी संबंध लावावा. या कार्याबद्दल १९८१ साली त्याला ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

परंतु सांधा जुळला म्हणजे हिशेब बरोबर आला, असे नव्हे. आपल्या देशातील पिनकोडाचे उदाहरण घेतले म्हणजे हे ध्यानात येईल. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा आकडी पद्धती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. आता समजा, बियाणे विकणाऱ्या एका संस्थेपाशी विक्रीचा तक्ता आहे. त्यात गिऱ्हाइकाचा पिन आहे, पण जिल्हा नाही. जिल्हावार विक्री हवी म्हणून तिच्या हिशेबनिसाने टपाल खात्याची यादी आणली आणि पिनच्या रकान्यावर दोन्ही तक्ते एकत्र केले. पिन दोहोंकडे आहे. यंत्राने तक्रार केली नाही.

चूक येथेच झाली. टपाल खात्याच्या यादीतील एक ओळ म्हणजे एक पिन नव्हे, तर एक टपाल कार्यालय. देशात पिन सुमारे १९ हजार, तर टपाल कार्यालये दीड लाखाहून अधिक. अर्थात एकच पिन अनेक ओळींत येतो. एखाद्या पिनखाली चार कार्यालये असतील, तर तेथील प्रत्येक विक्री चारदा मोजली जाईल. हजार-हजार रुपयांच्या तीन विक्री झाल्या असतील, तर तीन हजारांच्या जागी बारा हजार दिसतील. याहून घातक गोष्ट अशी की, ही फुगवटी सर्वत्र सारखी नसते. ग्रामीण भागात एका पिनखाली अनेक शाखा-कार्यालये असतात, शहरात पुष्कळदा थोडीच. त्यामुळे खेड्यांतील विक्री अवास्तव मोठी दिसते, आणि गोदाम कोठे उघडावे व कोठे बंद करावे याचा निर्णय त्याच आकड्यांवर घेतला जातो.

पॉवर बीआयसारख्या आज्ञावलीत तक्ते एकत्र न करता नुसता संबंधही जोडता येतो. उत्तम संबंध तो, ज्याच्या एका बाजूस प्रत्येक मूल्य एकदाच येते. मग एका बाजूच्या तक्त्यात जिल्हा निवडला की ती निवड गाळणीप्रमाणे दुसऱ्या बाजूच्या विक्रीवर लागू होते. दोन्ही बाजूंस पुनरावृत्ती असतानाही ही आज्ञावली संबंध जोडू देते. त्यात एका जिल्ह्यापुरती विक्री अनेकदा मोजली जात नाही, हे खरे. पण दोन जिल्ह्यांत पसरलेल्या पिनची विक्री दोन्ही जिल्ह्यांत दिसते. एकूण बेरीज मात्र बरोबर राहते, आणि जिल्ह्यांची बेरीज तिच्याशी जुळत नाही. समान नावाचे रकाने पाहून यंत्र आपण होऊन संबंध सुचविते; ही सोय आहे, पण तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. एका ओळीचा अर्थ काय, हे यंत्राला कळत नाही.

उपाय म्हणजे प्रत्येक पिनसाठी एकच ओळ असलेला वेगळा तक्ता तयार करणे. दोन जिल्ह्यांत विभागलेल्या पिनांचा प्रश्न त्याने सुटत नाही. तेथे गिऱ्हाइकाच्या पत्त्यातूनच जिल्हा घ्यावा लागतो.

उलट प्रकारची चूकही संभवते. पिन लिहिताना तीन आकड्यांनंतर मोकळी जागा सोडण्याची रीत आहे. एका तक्त्यात ती जागा असून दुसऱ्यात नसेल, तर यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न मूल्ये ठरतात. पॉवर बीआयच्या एकास-अनेक संबंधात अशा अनाथ विक्रीची रक्कम अहवालात एका कोऱ्या नावाखाली गोळा होते. ती ओळ विद्रूप दिसते म्हणून लपविण्याचा मोह पुष्कळांना होतो. वास्तविक तक्ते कोठे जुळले नाहीत, हे सांगणारी तीच एक खूण असते. तक्ते एकत्र करण्यापूर्वी विक्रीच्या ओळी आणि एकूण रक्कम टिपून ठेवावी व नंतर पुन्हा पडताळावी. या कामास दोन मिनिटेही लागत नाहीत.